चढ किती, ओझं किती

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती काही आमच्या गावावरच्या प्रेमापोटी नाही. पुढे भोर घाट आहे आणि तो एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून मागे बँकर इंजिनं लावावी लागतात. ती लागेपर्यंत प्रवासी खाली उतरतात आणि दिवाडकरांचा वडा घेतात. म्हणजे आमच्या गावाची सगळी खाद्यकीर्ती मुळात इंजिनाच्या अशक्तपणावर उभी आहे.

पण त्या इंजिनाला आजवर कोणी कामचुकार म्हटलेलं नाही. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत लाईन सुमारे १८३० फूट चढते आणि सगळ्यात कठीण जागी ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. इतका चढ, इतके डबे, म्हणून इतकी इंजिनं, असा तो सरळ हिशेब. एकट्याला जमत नाही म्हणून इंजिनाला 'सकारात्मक विचारसरणी'च्या शिबिराला पाठवलं, असं रेल्वेच्या इतिहासात झालेलं नाही.

आम्हाला मात्र पाठवलं. मुंबईतल्या माझ्या ऑफिसात जाणाऱ्यांच्या जागा भरायच्या नाहीत, असं अलिखित धोरण होतं. गेलेल्याचं काम राहिलेल्यांत प्रसादासारखं वाटलं जायचं आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. मग कामं उशिरा व्हायला लागली की वेळेचं नियोजन शिकवायला बाहेरून एक गृहस्थ यायचे. त्यांचं व्याख्यान ऐकण्यात अर्धा दिवस जायचा आणि त्या अर्ध्या दिवसाचं काम रात्री करावं लागायचं.

त्यात कर्जत ते सीएसएमटी साधारण १०० किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन रोजचे २००. कर्जतकराला सकाळी बसायला जागा मिळते, हा आमचा अभिमान. बदलापूरला चढणाऱ्या बायका आमच्याकडे ज्या नजरेने बघतात, त्यावरून आपण जहागीरदार असल्याचा भास होतो. संध्याकाळी जहागीर खालसा होते. तरीही आमच्यापेक्षा खोपोलीकरांचं अवघड. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी करत त्यांना आधी कर्जत गाठायचं असतं आणि परतताना शाखेची लोकल हुकली, तर फलाटावर तिष्ठत बसायचं.

मला काय होत होतं ते सांगणं कठीण आहे. रविवारी दुपारी चहाच्या वेळेला पोटात गोळा यायचा. रात्री दोनला जाग यायची आणि एखाद्या ईमेलमधलं स्वल्पविराम चुकलेलं वाक्य आठवायचं. सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट नॉर्मल आले, तेव्हा मला थोडं वाईटच वाटलं. एखादा लहानसा, सांगण्याजोगा आजार निघाला असता तर राजीनाम्याला वजन आलं असतं.

कारण 'तब्येतीसाठी नोकरी सोडते आहे' हे आपल्याकडे कोणाला पटत नाही. "मिस्टरांची बदली झाली का?" "दुसरी चांगली मिळाली का?" "घरात काही... म्हणजे तसं काही?" एका आत्याबाईंनी तर थेट विचारलं, "थायरॉईड निघाला का गं?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. आधी अंथरूण धरायचं, मग नोकरी सोडायची, असा क्रम त्यांना मान्य होता. अंथरूण धरायच्या आधीच सोडणं म्हणजे थेर. "वंदे भारत नाही का जात घाटातून, बँकरशिवाय?" असं एक रेल्वेप्रेमी शेजारी म्हणाले. जाते ना. पण त्या गाडीत सगळा भार एका इंजिनावर नसतोच. निम्म्या डब्यांच्या खाली मोटारी असतात. आमच्या ऑफिसात मोटार एकच होती आणि बाकीच्या डब्यांतून सूचना यायच्या.

हा घाट बांधणाऱ्यांची गोष्ट तर सोडायचं केव्हा, याच प्रश्नाची आहे. पहिला कंत्राटदार फॅविएल. १८५९ च्या जानेवारीत मजुरीवरून कामगार खवळले आणि दंगा झाला. त्याच वर्षी त्याने कंत्राट सोडलं. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. उरलेलं काम त्याच्या बायकोने, अॅलिसने, व्यवस्थापक नेमून १८६३ पर्यंत पुरं केलं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली प्रकृती ढासळल्यावर १८६१ साली मायदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी, अवघ्या ४२ व्या वर्षी गेला. घाटातून पहिली गाडी गेली ती पाहायला तो नव्हता. इतिहासात ट्रेडवेल आणि बर्कलीबद्दल आदराने लिहितात, फॅविएलबद्दल जरा नाक मुरडून. त्याने मजुरांना कसं वागवलं ते पाहता नाक मुरडणं रास्तच आहे. पण जागा सोडून निघण्याची वेळ तिघांत त्यालाच साधली, हेही खरं.

आणि १८६१ च्या जानेवारीत कामावर असलेली ४२,००० माणसं? पटकीच्या साथी आल्या, दरडी कोसळल्या. त्यांना राजीनामा नावाची वस्तू ठाऊकच नव्हती. उलट १८५९ सालीच देशात एक कायदा झाला होता. आगाऊ रक्कम घेऊन मजुराने काम सोडलं, तर मॅजिस्ट्रेट त्याला पैसे फेडायला किंवा काम पुरं करायला सांगणार आणि ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद. १९२५ साली तो रद्द झाला. आता कैद नाही. आता तीन महिन्यांचा नोटीस पीरियड असतो.

तो भोगताना मला उताराचंही गणित शिकावं लागलं. घाट उतरणाऱ्या गाडीलाही मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबवतात. ब्रेक धरतोय याची खात्री पटल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. आम्हीही तसेच थांबत थांबत उतरलो. ऑफिसचा मेडिक्लेम जाणार, म्हणून आधी घरचा काढला, कारण जुन्या दुखण्यांना नवी पॉलिसी लगेच पैसे देत नाही. सासूबाईंचे गुडघे हे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं दुखणं. घराच्या हप्त्यांची तजवीज केली. पीएफला हात लावायचा नाही, हे ठरलं. मग राजीनाम्यावर सही.

हा असा थांबत उतरण्याचा आराम सगळ्यांना नसतो, हे याच तालुक्यांत राहून विसरता येत नाही. पाऊस सरला की कर्जत-खालापुरातल्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत भट्टी सुटत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण कायद्याला वीटभट्टीचा रस्ता नीट सापडलेला नाही. वर माथेरानला माणसांनी ओढायच्या रिक्षा होत्या. चढाला एक जण पुढून ओढणार आणि मागून ढकलणारे. ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा आणि त्या माणसांना ई-रिक्षा द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावं लागलं. त्यातला दुसरा भाग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. 'अंगावर बेतणारं काम सोड' एवढं सांगणं सोपं असतं. सोडल्यावर हातात काय, तेही सांगणाऱ्याने पाहायला हवं. म्हणून मी कोणाला 'तूही सोड' असं म्हणत नाही. ज्यांना सोडता येतं त्यांनी लाजू नये, एवढंच म्हणते.

मी आता कर्जतमध्येच दोन-तीन दुकानांचे आणि एका भातगिरणीचे हिशेब लिहिते. पगार निम्म्याहून कमी आहे. गिरणीचा मालक मार्च महिन्यात माझ्यावर ओरडतो, पण ते ओरडणं संध्याकाळी सहाला संपतं. दुपारी घरी येऊन गरम भात खाते. हे ऐकून जुन्या मैत्रिणी गप्प होतात आणि मग हळूच विचारतात, "रोज?"

परवा माझ्या भाचीला ठाण्याला मुलाखतीसाठी बोलावलं होतं. निघताना तिने विचारलं, "मावशी, आपण काय विचारायचं असतं?" म्हटलं, "पगार तर विचारच. पण आधीची बाई का गेली, तेही विचार." तिने खरंच विचारलं. साहेब सहज म्हणाले, "तब्येतीच्या कारणाने." हिने पुढे विचारलं, "आणि तिच्या आधीची?" साहेब जरा घुटमळले. तीही तब्येतीच्याच कारणाने गेली होती.

"मग सर," भाची म्हणाली, "एकदा त्या खुर्चीच्याच तपासण्या करून घ्या की."

नोकरी अर्थातच मिळाली नाही. घरी येऊन तिने दोन वेळा भात वाढून घेतला.