तिसऱ्या डोळ्याची रजा

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला कॅमेरा सहसा आजारी पडत नाही. वर कोळ्याचं जाळं, खाली मिरचीची धूळ, तरी उधारी बुडवून गेलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा तो बरोबर टिपतो. पोलीस ठाण्यातला तिसरा डोळा मात्र तोळामासा प्रकृतीचा. लाइट गेली की त्याला घेरी येते, हार्ड डिस्क भरली की अपचन होतं. आणि कुणी ज्या रात्रीचं चित्रण मागावं, नेमकं त्याच रात्री त्याचं जुनं दुखणं उपटलेलं असतं.

सर्वोच्च न्यायालयाने या डोळ्याचे लाड कमी पुरवलेले नाहीत. परमवीर सिंग सैनी खटल्याच्या निकालात, २ डिसेंबर २०२० रोजी, न्यायालयाने कॅमेऱ्यांच्या जागा मोजून दिल्या: येण्याजाण्याचे दरवाजे, प्रत्येक लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, ठाण्याची मागची बाजू, अगदी स्वच्छतागृहाबाहेरची जागासुद्धा. अंधारात दिसलं पाहिजे आणि नुसतं दिसून भागणार नाही, ऐकूही आलं पाहिजे. चित्रण १८ महिने जपायचं. तेवढं साठवणारं यंत्र बाजारात मिळत नसेल तर निदान वर्षभर. वीज नसेल तिथे सौर किंवा पवनऊर्जा वापरा, असंही निकालात आहे. ‘साहेब, लाइट नव्हती’ हे वाक्य न्यायमूर्तींनी बहुधा आधीच ऐकलं असावं.

एवढं सगळं झाल्यावर कॅमेरा चालू ठेवायची जबाबदारी कुणावर? ठाण्याच्या प्रमुखावर. वर जिल्हा समिती आहे, राज्य समिती आहे. पण बिघाड झाल्याचं त्यांना कळवायचं ते प्रमुखानेच. मांजराच्या गळ्यात घंटा बांधली खरी, दोर मात्र मांजराच्याच पंजात राहिला.

त्याच वर्षी जूनमध्ये तामिळनाडूत सातनकुलम इथे काय झालं ते पाहावं. टाळेबंदीत मोबाईलचं दुकान जास्त वेळ उघडं ठेवलं म्हणून बाप-लेकाला ठाण्यात नेलं. चारेक दिवसांत दोघेही गेले. पोलिसांनी लिहिलं होतं की ते रस्त्यावर लोळले, म्हणून त्यांना लागलं. आसपासच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांत तसं काही दिसलं नाही. मग न्यायदंडाधिकारी ठाण्यात गेले, तेव्हा आढळलं की हार्ड डिस्क चांगली १ टीबीची होती आणि चित्रण रोजच्या रोज आपोआप पुसलं जाईल अशी तिची मांडणी करून ठेवलेली होती. साधं सेटिंग, कुणीतरी बसून केलेलं.

ठाण्याचा डोळा मिटलेला असेल तर नागरिकाने आपला उघडावा, असं कुणालाही वाटेल. वर्ध्यात एकाने तो उघडला. शेजाऱ्याशी भांडण झालं म्हणून तो पत्नीसह ठाण्यात गेला आणि तिथे चाललेली बोलणी मोबाईलवर टिपू लागला. त्याच्यावर गुन्हा लागला तो १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याचा, हेरगिरीच्या कलमाखाली! शेजाऱ्याच्या भांडणात कोणत्या शत्रुराष्ट्राला रस होता ते कळायला मार्ग नाही. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. कायद्यातल्या ‘प्रतिबंधित ठिकाणां’च्या व्याख्येत पोलीस ठाणं नाहीच, असं न्यायालयाने सांगितलं. व्याख्या वाचायला दोन मिनिटं पुरली असती.

बरं, चित्रण हाती लागलं असं समजू. ते खरं कशावरून? इथे जालन्याची आठवण होते. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातला निवडणूक खटला पोलिसांचा नव्हता, पण धडा तोच. उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतले का, हा वाद. निवडणूक कार्यालयाचंच चित्रण, त्याच कार्यालयाने दिलेल्या सीडी. फक्त ‘हे आमचंच आहे’ असं प्रमाणपत्र द्यायला कुणी तयार होईना. अर्जांवर अर्ज झाले. असं प्रमाणपत्र लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठामपणे सांगितलं. मात्र धडपड करूनही जे मिळालं नाही त्यापायी अर्जदाराचं नुकसान होऊ दिलं नाही.

१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा आला आणि प्रमाणपत्राचे दोन भाग झाले: एक सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलचा ‘हॅश’ लिहायचा. हा फाइलच्या बोटाचा ठसाच. एसएचए-२५६ पद्धतीचा असेल तर ६४ अक्षरांचा, आणि चित्रणातला एक ठिपका बदलला तरी सगळा बदलणारा. सोय उत्तम आहे. पण ठसा घेण्याआधी काय कापलं गेलं ते तो सांगत नाही. आणि फाइलच उरली नसेल, तर ठसा कशाचा घ्यायचा?

माहिती अधिकारात चित्रण मागता येतं. उत्तराची मुदत ३० दिवस, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. ‘तपासात अडथळा येईल’ हे उत्तर मात्र त्याआधीही तयार असतं. अपिलाची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, तोवर यंत्र जुन्यावर नवं चित्रण चढवत राहतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्वतःहून दखल घेतली. राजस्थानात सात-आठ महिन्यांत पोलीस कोठडीत ११ मृत्यू झाल्याची बातमी त्याला कारण होती. कॅमेरा बंद पडला की माणसाच्या मध्यस्थीशिवाय कळेल असं नियंत्रण केंद्र असावं, असा विचार तेव्हा न्यायालयात बोलून दाखवला गेला. माणूसच वगळायचा, ही कल्पना अनुभवातून आली असणार.

सैनी निकालात एका फलकाचाही आदेश आहे. ठाण्याच्या दाराशी आणि आत, इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत: इथे कॅमेरे आहेत, चित्रण किमान सहा महिने जपलं जातं, हक्कांचा भंग झाल्यास ते राखून ठेवायला लावण्याचा पीडिताला अधिकार आहे. जवळच्या ठाण्यात हा फलक कुठे लावलाय ते जाऊन पाहावं. सापडला तर फोटो काढायला हरकत नाही. फक्त नागपूर खंडपीठाच्या निकालाची झेरॉक्स वरच्या खिशात असू द्यावी.