चार लाख साठ हजारांचे नाना

डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीच्या फाटकातून सकाळी पावणेदहाला एक कापडी पिशवी बाहेर पडते. पिशवीमागोमाग नाना. पिशवीत पाच बँकांची पाच पासबुकं, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं रबरबँड. आधार-पॅनच्या डझनभर झेरॉक्स, प्रत्येकीवर तिरक्या अक्षरात ‘केवळ केवायसीसाठी’. शिवाय स्टेपलर, डिंक आणि स्वतःचं पेन. बँकेतलं दोरीला बांधलेलं पेन नाना वापरत नाहीत. “त्यांचा आपल्यावर पेनापुरताही विश्वास नाही. मग आपण त्यांच्यावर पाच लाखांच्या वर का ठेवावा?”

हा पाच लाखांचा आकडा नानांच्या आयुष्यात फार मोठा आहे. २०१९ साली एका सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना फक्त हजार रुपये काढता येऊ लागले. नानांचा त्या बँकेत एक रुपयाही नव्हता, तरी तीन रात्री त्यांना झोप लागली नाही. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवींवरच्या विम्याचं संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेलं, तेव्हा त्यांनी सोसायटीत पेढे वाटले. (अर्धा-अर्धा.)

पण पेढा तोंडात असतानाच त्यांना कळलं की त्या पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. म्हणजे पाच लाख ठेवले तर व्याज उघड्यावर! मग नानांनी वर्षभराचं व्याज धरूनसुद्धा पाचाच्या आत बसेल असा आकडा काढला, चार लाख साठ हजार. त्यांची प्रत्येक एफडी तेवढ्याचीच असते. काउंटरवरची मुलगी एकदा म्हणाली, “काका, पाचच करा ना, राउंड फिगर.” नानांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती लंच टाइम व्हायच्या आधीच उठून गेली.

पुढे त्यांना आणखी एक शोध लागला. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला की विम्यासाठी ते वेगळं खातं धरलं जातं. नाना-काकू यांना पाच लाख, काकू-नाना यांना आणखी पाच. अशा रीतीने लग्नानंतर ३३ वर्षांनी काकूंचं नाव एका कागदावर नानांच्या आधी लागलं. काकूंनी ती पावती देवासमोर ठेवून हळदकुंकू वाहिलं. पावतीवर डाग पडला म्हणून नाना दोन दिवस बोलले नाहीत.

एप्रिल उजाडला की पाचही बँकांत ‘व्याजावर टीडीएस कापू नका’चा फॉर्म, नोव्हेंबरात हयातीचा दाखला. मधल्या महिन्यांत नाना इतरांच्या नॉमिनींची चौकशी करतात. सत्यनारायणाच्या तीर्थाला हात पुढे केला तरी कानाशी येतात, “नॉमिनी लावलायस ना रे?” कुणी गेल्याची बातमी आली तर त्यांचा पहिला प्रश्न ‘काय झालं होतं’ हा नसतो.

आरोग्य विम्याच्या पॉलिसीचं पुस्तक ते भिंग घेऊन वाचत. रूम रेंटची मर्यादा ओलांडून महागडी खोली घेतली तर खोलीभाड्यातला फरक तर अंगावर पडतोच, पण बाकीच्या बिलालाही त्या प्रमाणात कात्री लागू शकते, हे मला त्यांनीच जिन्यात अडवून समजावलं. मी दुधाची पिशवी घेऊन उभा होतो. दूध नासलं, पण कलम कळलं.

आणि मग भिंगातूनही दिसेनासं झालं. डोळ्याच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. नानांच्या पॉलिसीत मोतीबिंदूला दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ होता, आणि झाले होते २१ महिने. “लगेच करून टाका,” डॉक्टर म्हणाले. “बिंदू पिकू दे,” नाना म्हणाले. “तीन महिन्यांत.”

ते तीन महिने सोसायटीने काढले. नाना वॉचमनला ‘मॅनेजरसाहेब’ म्हणत. बँकेत एका नटाचा पुठ्ठ्याचा पुतळा कर्जाच्या जाहिरातीसाठी उभा केला होता, त्याच्यामागे रांग समजून दहा मिनिटं थांबले आणि शेवटी त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाले, “अहो, जरा सरका की पुढे.” पॉलिसीची कलमं रोज संध्याकाळी मी वाचून दाखवायचो. मी एखादा ‘वगळून’ गाळला तर त्यांना लगेच कळे.

शस्त्रक्रिया चोख झाली. सकाळी गेले, दुपारी घरी. क्लेमही आला, फक्त ११४० रुपये कापून. हातमोजे, कापूस आणि किरकोळ सामान म्हणे पॉलिसीत बसत नाही. नानांनी काळा चष्मा लावून विमा कंपनीला पत्र लिहिलं, “हातमोजे डॉक्टरांनी घातले होते, मी नव्हे.” त्यात भर म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला आणि नानांनी १८ टक्क्यांसकट हप्ता ऑगस्टमध्येच भरला होता. त्यांच्यासमोर तो विषय अजून कुणी काढत नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात हे कळल्यावर मात्र नाना उजळले. नव्या डोळ्याने सगळ्या फायली काढून बसले. मी चहाला गेलो तेव्हा हातात एक पिवळा पडलेला कागद होता. १९८६ चं, नोकरीच्या पहिल्या पगाराचं खातं.

“काय झालं, नाना?”

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. नॉमिनीच्या रकान्यात त्यांच्या आईचं नाव. आईला जाऊन २२ वर्षं झाली होती.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग नानांनी पिशवी ओढली, पेनाचं टोपण काढलं. “फॉर्म लागेल. नॉमिनी बदलण्याचा. आधीच्या नॉमिनीची सही लागत नाही त्याला.”

काकू कपबशा उचलत म्हणाल्या, “लागत असती तर ह्यांनी जाऊन आणली असती.”