बाहेरची मदत घेऊ नये

ट्रायथलॉनच्या सायकलीला कॅरिअर नसतं, स्टँड नसतो, घंटी नसते आणि मडगार्डही नसतं. वाऱ्याला आडवं येईल असं काही अंगावर बाळगायचं नाही, हे तिचं ब्रीद. हँडलमधून पुढे निघालेल्या दोन दांड्यांवर कोपरं टेकवून, पाठ सपाट करून, माणसानं लोटांगणाच्या तयारीत ९० किलोमीटर जायचं. अडचण एवढीच, की तेवढ्या वाटेत माणसाला तहान लागते आणि टायरला काटा. मग वाऱ्याच्या लक्षात येणार नाहीत अशा जागा हुडकून पाणी आणि पंक्चरचं सामान लपवावं लागतं. आमच्या धाकट्या मेहुण्यानं या कामी जेवढं डोकं चालवलं तेवढं बारावीला चालवलं असतं, तर सासऱ्यांचे डोनेशनचे पैसे वाचले असते.

मेहुणा कोल्हापूरच्या ‘बर्गमॅन ११३’ या ट्रायथलॉनच्या तयारीत होता. राजाराम तलावात १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल हाणायची आणि वर २१.१ किलोमीटर पळायचं, बेरीज ११३. पोहायला आणि पळायला फारसं सामान लागत नाही. सगळा संसार सायकलीवर. सरावासाठी रविवारी गगनबावड्याला जायचं ठरलं; जायचे ५५ किलोमीटर, यायचे तेवढेच. मी मागून स्कूटरवर. बायकोनं भावाच्या काळजीपोटी माझ्या पायाशी पाण्याचा कॅन, डिकीत भडंग आणि चहाचा थर्मास असं लादून दिलं होतं.

“दाजी, यातलं मला काही द्यायचं नाही,” निघतानाच मेहुण्यानं बजावलं. “बाहेरची मदत घेतली तर स्पर्धेतून बाद करतात. तुम्ही नुसतं बघायचं.”

सासुरवाडीच्या माणसानं माझ्याकडून काही घ्यायला नकार द्यायची ही पहिलीच वेळ. मी लगेच कबूल झालो.

रंकाळ्यावर फिरायला आलेल्या मंडळींनी सायकलीभोवती कोंडाळं केलं. दोन कोपरांच्या मधोमध आडवी बाटली आणि तिच्यातून थेट तोंडाशी आलेली नळी.

“थेट पाईपलाईन की रं ही!” एक काका म्हणाले.

काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईनने शहरात यायला २०२३ची दिवाळी उजाडावी लागली होती. मेहुण्याला फक्त मान जराशी खाली करायची होती. काकांच्या चेहऱ्यावर हेवा दिसला.

सीटच्या मागे आणखी दोन बाटल्या. पैकी एकीत पाणी. दुसरी नुसती दिसायला बाटली. आत जादा ट्यूब, टायर उचकटायच्या तीन प्लॅस्टिकच्या पट्ट्या, पान्यांचा जुडगा, एक पितळी टोपी आणि कार्बन डायऑक्साइडची १६-१६ ग्रॅमची दोन पोलादी नळकांडी. पंप मारत बसायला नको. नळकांडं लावलं की काही सेकंदांत चाक टणक.

सीटमागच्या बाटलीचा एक स्वभाव असतो. गतिरोधक आला की ती उडी मारते. फुलेवाडीच्या पहिल्याच गतिरोधकावर पाण्याची बाटली उडाली आणि एका दूधवाल्याच्या पायाशी जाऊन थांबली. त्यानं ती माझ्या हातात दिली. मी मेहुण्याजवळ जाऊन ती पुढे केली.

“नको! पडली ती गेली!”

बालिंग्याच्या पुलावरनं भोगावती ओलांडली तेव्हा थेट पाईपलाईन कोरडी पडल्याचा सुरसुर आवाज माझ्यापर्यंत आला. मी स्कूटर शेजारी घेतली आणि त्याचीच बाटली तोंडाला लावली. मग धीर देण्यासाठी त्याला एक गोष्ट सांगितली. १९७८च्या फेब्रुवारीत हवाई बेटांवर पहिली ‘आयर्नमॅन’ झाली, तेव्हा १५ जण उतरले होते आणि प्रत्येकाबरोबर स्वतःची मदतनीस मंडळी होती. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मंडळींकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला चक्क बिअर पाजली.

“माझ्याकडं तर नुसता चहा आहे.”

“तेव्हाचे नियम वेगळे होते, दाजी,” कोरड्या घशातून उत्तर आलं.

कळे मागे पडलं आणि मागच्या चाकानं मान टाकली. बाभळीचा काटा. मेहुण्याचा चेहरा मात्र खुलला. एवढं जपून आणलेलं सामान वापरायची वेळ आली होती. त्यानं चाक काढलं, पट्ट्या घालून टायर सोडवला, आतून बोट फिरवून काटा हुडकला, नवी ट्यूब बसवली. सगळं अगदी व्हिडिओत दाखवल्यासारखं. फक्त वॉल्व्हच्या टोकाचा बारका नट सैल करायचा राहिला. नळकांडं लावलं आणि सगळा गॅस फुस्स करून कुंभीच्या खोऱ्यात विलीन झाला. नळकांड्यावर पांढरा थर धरला.

“आज्जा, बरफ!” कुठून तरी उगवलेलं एक पोरगं ओरडलं.

गळिताचा हंगाम. उसाच्या फडातून माणसं बाहेर आली, ट्रॅक्टर थांबला.

“पंक्चर व्हय?” आज्जांनी विचारलं. “केवढ्याची म्हणायची सायकल?”

“साडेतीन लाख.”

“साडेतीन लाखात तीन मुऱ्हा म्हशी आल्या असत्या. त्यास्नी पंक्चर बी होत न्हाई.” मग ते पुतण्याकडे वळले. “जा रं, फाट्यावरनं हवा मारून आण.”

मेहुणा दुसरं नळकांडं हातात धरून आडवा आला. “नको आज्जा! बाहेरची मदत घ्यायची न्हाई, नियम आहे!”

आज्जांनी त्याला खालीवर न्याहाळलं. “आम्ही कुठलं बाहेरचं? आम्ही हितलंच. बाहेरचा तू हाईस.”

यावर नियमपुस्तकात उत्तर नसावं. मेहुणा ते आठवत होता तोवर चाक पुतण्याच्या मोटरसायकलवर बसून फाट्याकडे निघालंही होतं. आम्ही मागोमाग गेलो. मी स्कूटरवर, मेहुणा तत्त्वासाठी चालत.

पंक्चरवाल्यानं तोवर घमेल्यातल्या पाण्यात जुनी ट्यूब बुडवून बुडबुडे हुडकले होते, घासपेपर मारून, सोल्युशन लावून पॅचही दाबला होता. नव्या ट्यूबचा वॉल्व्ह बघून मात्र तो अडला. मेहुण्यानं निमूटपणे त्यावर बसवायची पितळी टोपी काढून दिली. अख्ख्या सामानातली त्याच्या कामाला आलेली वस्तू तेवढीच.

“किती मारू?”

“शंभर.”

“शंभर? भावा, ट्रकला मारतो तेवढी!” त्यानं बोटाएवढ्या टायरकडे पाहिलं आणि पोरांना मागे सरकायला सांगितलं. पॅचचे पैसे घेतले, हवेचे घेतले नाहीत.

परत आलो तर आज्जी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन उभ्या. मेहुण्याच्या खिशात परदेशी जेलची पाकिटं होती, पण आज्जींना नाही म्हणायला आयर्नमॅनहून कणखर माणूस लागतो. तांब्या एका दमात रिकामा झाला. मी त्याच्या बाटलीतला शेवटचा घोट घेतला.

निघताना आज्जांनी उसाची पाच कांडकी आणली. नको नको म्हणेपर्यंत ती पुढच्या दोन दांड्यांना पाचटानं आवळून बांधलीही.

“ऊस बांधायची सोय झ्याक केलीया कंपनीनं,” आज्जा म्हणाले.

आता कोपरं टेकवायला जागा उरली नव्हती. मेहुणा ताठ बसून, वारा छातीवर घेत, कोल्हापूरच्या दिशेनं वळला. गगनबावडा तिथेच राहिला.

“दाजी,” फुलेवाडी यायच्या आत तो म्हणाला, “पुढच्या रविवारी हायवेनं जाऊ. ह्या रस्त्याला सराव होत नाही.”