गोळीचे सोवळे

अमेरिकेच्या पश्चिम भागातील एखाद्या गावी, मोटार ठेवण्यासाठी बांधलेल्या परंतु मोटार सोडून इतर सर्व वस्तूंना आश्रय देणाऱ्या खोलीत, शनिवारी उत्तररात्रीपर्यंत दिवा जळताना दिसला, तर आत काही कट शिजत असावा अशी शंका वाचकाने घेऊ नये. तेथे साठी उलटलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला एक सेवानिवृत्त सद्गृहस्थ शिशाच्या गोळीला कागद नेसवीत बसलेला असतो. बाजारात तयार काडतुसे मुबलक मिळतात ही वार्ता त्याच्या कानी गेलेली नसते असे नाही. परंतु गेल्या शतकाच्याही मागील शतकातली, शार्प्स बंदुकीची, काळ्या दारूची काडतुसे स्वहस्ते भरणे हाच ज्याने उत्तरायुष्यातील पुरुषार्थ मानला, त्याच्या लेखी दुकानातले काडतूस म्हणजे निव्वळ परान्न होय.

वीस भाग शिशात एक भाग कथील घालून तो गोळ्या ओततो. प्रत्येक गोळी काट्यावर चढते, आणि पाचशे ग्रेनच्या गोळीत एका ग्रेनची तफावत निघाली, की तिची रवानगी पुन्हा मुशीत होते. सात हजार ग्रेनचा एक पौंड होतो हे ध्यानी घेतले, म्हणजे या अपराधाची गुरुता कळेल. उत्तीर्ण झालेल्या गोळ्या पोलादी साच्याच्या भोकातून दाबून एका मापाच्या केल्या जातात. येथवर तो चारचौघांसारखा असतो. कागदाचे प्रकरण सुरू झाले की त्याचे खरे स्वरूप प्रकट होते.

कागद सुती चिंध्यांचाच हवा, आणि जाडी इंचाचे दोन सहस्रांश. त्याचे दोन वेढे दिले, म्हणजे दोन्ही अंगे मिळून गोळीचा व्यास आठ सहस्रांशांनी वाढतो व ती नळीत नेमकी बसते. असा पातळ टंकलेखनी कागद आता दुर्मिळ झाल्याने जुन्या कचेऱ्यांच्या लिलावात हा गृहस्थ खिशात मायक्रोमीटर घेऊन जातीने हजर राहतो. जुन्या पत्रांतही मजकुरापेक्षा कागदाची जाडीच त्याला अधिक हृदयस्पर्शी वाटत असल्याने, विवाहापूर्वीचा पत्रव्यवहार त्याच्या पत्नीने कुलपात ठेवला आहे. दोन्ही टोकांना तिरकी कापलेली पट्टी भिजवून, टोके एकमेकांवर न चढता नेमकी भिडतील अशा बेताने तो ती गुंडाळतो, आणि तळाशी उरलेला कागद निरांजनातील वातीसारखा पिळतो. कागद डावीकडून गुंडाळावा की उजवीकडून, यावर या मंडळींत दोन संप्रदाय असून त्यांच्यात रोटीव्यवहार असला तरी कागदव्यवहार नाही.

वाळलेल्या वेष्टनावर मेण आणि मेंढीची चरबी माखत असता, १८५७ साली एन्फिल्ड बंदुकीच्या अशाच चरबी लावलेल्या कागदी काडतुसांनी हिंदुस्थानात केवढा वणवा पेटविला, हे त्याला सांगावे, तर तो क्षणभर हात थांबवून परम गांभीर्याने विचारतो, "त्या चरबीत मेणाचे प्रमाण किती होते?" इतिहासाकडे पाहण्याची त्याची दृष्टी ही अशी. १८७४ साली न्यूयॉर्कजवळील क्रीडमूरच्या मैदानावर अमेरिकेने आयर्लंडला ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी हरविले, याचे सारे श्रेय तो कागदाला देतो. एका आयरिश नेमबाजाची गोळी भलत्याच निशाणावर लागली नसती तर निकाल फिरला असता, हा तपशील मात्र त्याच्या दप्तरी रुजू नाही.

रविवारी प्रत्यक्ष बार उडतो तेव्हा, नळीबाहेर पडताच त्या कागदाची लक्तरे होऊन काही पावलांवर गळून पडतात. गोळीबार थांबविण्याचा हुकूम झाला, की बाकीचे नेमबाज लगबगीने दूरच्या निशाणाकडे धावतात. हा गृहस्थ मात्र जवळच ओणवा होऊन चिटोऱ्या वेचू लागतो. नळीतल्या आट्यांनी कागद स्वच्छ कापला असेल, तर निशाण साफ चुकले असताही त्याची मुद्रा प्रसन्न असते. आणि चिटोरी करपलेली निघाली, तर गोळी नेमकी मध्यबिंदूवर लागूनही त्या दिवशी त्याला अन्न गोड लागत नाही.

जगात शस्त्रे बाळगणारे पुष्कळ आहेत. त्या सर्वांना एकेक गोळी अशा सोवळ्याने सिद्ध करण्याची सक्ती केली, तर युद्धाला कोणास सवडच उरणार नाही. तेव्हा हा गृहस्थ कोठे भेटलाच, तर वाचकांनी त्याच्या बंदुकीला यत्किंचितही भिऊ नये. मात्र कागद कोणता वापरता, एवढा एक प्रश्न त्याला चुकूनही विचारू नये.