साधं राहणं, फुकट राबणं

साधं राहण्याचा सध्या भारी सोस आहे. घरचं खावं, जवळपासचं घ्यावं, पाकिटातलं टाळावं. ज्यांना हे सुचतं त्यांना ते करावं लागत नाही, ही या चळवळीतली मोठीच सोय.

रायपूर स्टेशनच्या पलीकडे, गुढियारीत, हा सोस पुरवणं सोपं. किराण्याचा ठोक बाजार इथेच, त्यामुळे उडदाची डाळ हाकेच्या अंतरावर. कोहळाही आसपासच्या गावांतलाच मिळतो. थंडी पडली की घरचे कर्ते फर्मावतात, “बडी घरचीच पाहिजे. विकतच्या बडीला काय चव?”

ही घरची रखिया बडी, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, होते कशी, ते बघा. डाळ रात्री भिजवायची. पहाटे गार पाण्यात चोळून चोळून सालं काढायची, मग वाटायची. कोहळा किसून, पिळून त्यात घालायचा आणि पीठ हाताने फेटत बसायचं. वाटीभर पाण्यात थेंब सोडून बघायचा. तरंगला तर सुटलात, बुडाला तर पुन्हा फेटा. मग गच्चीवर जुनी साडी अंथरून एकेक बडी टाकायची, उलटायची, माकडांपासून राखायची, संध्याकाळी गोळा करायची आणि उद्या पुन्हा मांडायची. एवढं झाल्यावर कर्त्यांचं योगदान सुरू होतं. पहिला घास घेऊन ते म्हणतात, “मीठ जरा कमी वाटतंय.”

आपल्या मराठी घरांत तर याला दुहेरी अस्तर. छत्तीसगढी शेजारणीकडून शिकलेले अइरसे करायचे, शिवाय सासूबाईंना चालत नाही म्हणून अनारसेही करायचे. बडी झाली म्हणून कुरडया सुटत नाहीत. ठेठरी तळली तरी चकलीची भाजणी आहेच. दोन संस्कृतींचा संगम म्हणून मराठी मंडळाच्या व्यासपीठावर ज्याचं कौतुक होतं, तो हाच. सण दोन्हीकडचे, हात एकीचेच.

केंद्र सरकारने 2019 साली देशभर लोकांच्या वेळेचा हिशेब घेतला. घरकामात भाग घेणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा 97. तुम्ही म्हणाल, दीड तास म्हणजे काही वाईट नाही. थांबा. ही सरासरी फक्त काम करणाऱ्यांची आहे, आणि असे पुरुष साधारण चारात एक निघाले. उरलेले तिघे बहुधा विकतच्या बडीला नावं ठेवत बसले असावेत.

या कामाला मोल नाही, असंही नाही. रायपुरातच महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात ‘गढकलेवा’ आहे. तिथे बचत गटाच्या बायका चिला, फरा, ठेठरी, खुरमी असे छत्तीसगढी पदार्थ करून वाढतात आणि गिऱ्हाईक मुकाट्याने पैसे मोजतं. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचा ‘लिज्जत’ झाला. लाटणं तेच, पोळपाट तोच. उंबऱ्याबाहेर त्याला मजुरी म्हणतात. आत त्यालाच माया म्हणतात आणि वर मीठ कमी पडल्याचं ऐकवतात.

साधेपणाच शिकायचा असेल तर तो बासीकडून शिकावा. रात्रीचा उरलेला भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी मीठ, कांदा आणि चटणीशी खायचा. चूल पेटवायला नको, फोडणी नको. रोवणीला जाणाऱ्या बाईला सकाळी चुलीपाशी अडकून परवडत नव्हतं, तिची ही न्याहारी. म्हणजे करणारीचे कष्ट वाचवतं, ते खरं साधं जेवण. आपण मात्र जे करताना कुणाची तरी कंबर मोडते, त्याला साधं म्हणतो. गच्चीवरच्या साडीवर दिवसभर ओणवं राहून झालेली बडी साधी कशी काय?

बासीचीही आपण सुटका होऊ दिली नाही. 1 मे 2022 ला, कामगार दिनी, छत्तीसगढचे त्या वेळचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी श्रमाचा मान म्हणून सगळ्यांना बोरे-बासी खाण्याचं आवाहन केलं. मंत्री-अधिकाऱ्यांचे बासी खातानाचे फोटो झळकले. हेतू चांगलाच होता. पण एवढ्या फोटोंत बासी खाणारे भरपूर दिसले. आदल्या रात्री भात कुणी लावला, ते मात्र दिसलं नाही.

म्हणून पुढच्या 1 मेसाठी नम्र सूचना. भाऊसाहेब, बासी जरूर खा. फक्त आदल्या रात्री भात तुम्ही लावा आणि खाऊन झाल्यावर पातेलंही तुम्हीच घासा. फोटो वहिनी काढतील. मीठ कमी आहे का, तेही त्याच सांगतील.