गच्चीवरचा गादीवाफा : माती सोडून सर्व काही

गच्चीवर गादीवाफा करायला निघालेल्या गृहस्थाने सर्वांत आधी करायचं काम म्हणजे माती न आणणं. शेतकरी आलं-हळदीला गादीवाफा करतो तो पाणी साचून कंद कुजू नयेत म्हणून. त्याच्या मातीचं ओझं खालची धरित्री बिनतक्रार सोसते. गच्चीखाली मात्र दुसऱ्याचा दिवाणखाना असतो. 4 बाय 8 फुटांच्या, फूटभर खोल वाफ्यात 32 घनफूट माती मावते आणि भिजली की ती दीड टनाच्या आसपास जाते, म्हणजे साधारण तीन म्हशी. भारतीय मानकांनुसार वावराच्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे 150 किलो वापरभार धरून आखतात. वाफ्याखाली येतात जेमतेम 3 चौरस मीटर. हिशेबात बसते ती एकच म्हैस, तीही रोडावलेली. उरलेल्या दोघी खालच्या काकूंकडे कधी उतरतील, याचा मुहूर्त पंचांगात सापडत नाही.

तेव्हा गादी भरावी ती पाल्याने. तळाला नारळाच्या शेंड्या, वर रसवंतीवरची चिपाडं, वाळका पाला, भाजीची देठं आणि शेवटी चार बोटं कंपोस्ट. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर मुळात गणिताचे. पालापाचोळ्यातून माती घडवता येते, हे त्यांनी आपल्या ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून लोकांना पटवलं. आपल्याला निदान बेरीज जमावी. ‘वाफा खचतो’ असं कोणी म्हणेलच. खचतो, कारण आतला पाला कुजून खत होतो. वर आणखी पाला टाकावा, शहरात त्याचा दुष्काळ नाही. ‘वास येतो’ ही सोसायटीच्या सेक्रेटरींची हरकत. वास येतो तो ओला कचरा हवेवाचून घुसमटला की. दुप्पट कोरडा पाला मिसळला की सेक्रेटरींना दुसरा विषय शोधावा लागतो. ‘मेथीची जुडी मंडईत याहून स्वस्त पडते’ हा आक्षेप मात्र बिनतोड आहे. त्याला उत्तर नसल्यामुळे तो घरच्यांपुढे निघू देऊ नये.

रुंदी 4 फुटांवर नेऊ नये, कारण हात एका बाजूने दोनच फूट पोचतो. कठड्याला लागून असेल तर दोनच फूट ठेवावी. वाफा विटांवर उचलून घ्यावा, म्हणजे पाणी खालून वाहून जाईल. वजन हलकं केलं तरी ते असतंच, म्हणून जागा बीमवरची निवडावी आणि इमारत जुनी असेल तर आधी इंजिनिअरला विचारावं. बीम कुठून गेला आहे, हे खालच्या मजल्यावर छताकडे पाहिलं की कळतं. काकूंकडे त्यासाठी जालच, तर मेथीची पहिली जुडी त्यांना कबूल करूनच वर या.