जुना कर्नल, नवं यंत्र : जळकोट आवृत्ती

जळकोटात किंवा आसपासच्या गावात ज्यांनी नुकतंच सेवा केंद्र थाटलंय, सातबारा, आठ अ, उत्पन्नाचा दाखला, केवायसी असा फलक रंगवून घेतलाय आणि आता संगणक कसा चालतो हेही बघावं असं ज्यांना वाटायला लागलंय, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका.

लागणारं साहित्य : संगणक एक, शक्यतो कुठल्यातरी कॉलेजनं लिलावात काढलेला. प्रिंटर एक. फोटोसाठी वेबकॅम एक. अंगठ्याचं यंत्र एक. इन्व्हर्टर, बॅटरीत पाणी असलेला, एक. आणि पीक विम्याची शेवटची तारीख. ही शेवटची वस्तू विकत आणावी लागत नाही. ती आपोआप येते, आणि संगणकाला अपडेटची आठवण नेमकी त्याच दिवशी होते.

कृतीआधी थोडं ज्ञान. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात कर्नल असतो आणि यंत्रांशी बोलण्याचा अधिकार त्याच्याकडेच असतो. कर्नल म्हणजे तहसिलीतला बडा बाबू समजा. यूएसबीच्या खिडकीत नवं यंत्र आलं की तो तीन गोष्टी विचारतो : कुठल्या कंपनीचं, मॉडेल कुठलं, आणि काम काय करतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आकड्यांत येतात. बाबू आपल्या रजिस्टरात ते आकडे शोधतो, सापडले तर संबंधित ड्रायव्हरकडे पाठवतो. नाहीच सापडले तर तिसरा प्रश्न कामाला येतो. यंत्र म्हणालं की मी कीबोर्ड आहे, पेन ड्राइव्ह आहे, कॅमेरा आहे, तर कंपनी कालच निघालेली असली तरी बाबू त्याला आत घेतो. या उत्तराला वर्ग म्हणतात. जुन्या कर्नलवर नवं यंत्र चालवण्याचं सगळं गुपित या तिसऱ्या उत्तरात आहे. बाकीची मार्गदर्शिका वाचली नाही तरी चालेल, पण गिऱ्हाईक नसेल तर वाचा.

पायरी पहिली. यंत्र जोडा आणि दोन पावलं मागं सरका. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स व्यासपीठावर उभे असताना त्यांच्या सहकाऱ्यानं विंडोज ९८ चालू असलेल्या संगणकाला स्कॅनर जोडला. जोडताक्षणी मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर निळा रंग पसरला आणि संगणक बसला. सभागृह हसलं. गेट्सही हसले आणि म्हणूनच हे अजून बाजारात आणलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेले. दोन महिन्यांनी त्यांनी ते बाजारात आणलं. तेव्हा तुमचा पडदा निळा झालाच, तर रांगेतल्या मंडळींना ही गोष्ट सांगावी. तेवढ्यात संगणक परत चालू होतो.

पायरी दुसरी. शहाण्या यंत्रांपासून सुरुवात करा. सगळ्यांत शहाणं यंत्र म्हणजे कीबोर्ड. डॉसच्या काळात संगणकावर मराठी हवी असेल तर पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मिळायचं. संगणक उघडून ते आत खोचलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. म्हणजे आपली भाषा हेच तेव्हा एक हार्डवेअर होतं! आज उदगीरच्या दुकानातून आणलेल्या साध्या कीबोर्डला मराठीचा गंधही नसतो. तो फक्त कितव्या नंबरची कळ दाबली एवढं कळवतो, आणि त्याचा क करायचा की के हे वर सॉफ्टवेअर ठरवतं. यंत्रानं कमीत कमी बोलायचं, तेही सगळ्यांना ठाऊक असलेल्या भाषेत, आणि अक्कल वर ठेवायची. म्हणून कीबोर्डसाठी कुणी कधी ड्रायव्हर शोधत बसत नाही.

वेबकॅमही आता याच वळणाचा झालाय. त्याचा वर्ग २००३ साली ठरला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये त्या वर्गाचा एकच ड्रायव्हर २००८ पासून आहे आणि नंतर निघालेले असंख्य कॅमेरे तो मुकाट्यानं चालवतो. पेन ड्राइव्हला मात्र विंडोज ९८ वर वेगळा ड्रायव्हर लागायचा, आणि तो बहुधा सीडीवर मिळायचा. ज्या संगणकाला सीडीचा खण नाही त्यानं काय करायचं, हे सीडीवर लिहिलेलं असायचं.

पायरी तिसरी, प्रिंटर. इथं जपून. स्वस्त लेझर प्रिंटर स्वस्त असतो, कारण त्याला स्वतःला काही येत नाही. पान कसं दिसणार याचं गणित तुमचा संगणक करतो आणि कंपनीच्या खाजगी बोलीत ठिपके पाठवतो. कंपनीनं पुढच्या विंडोजसाठी ती बोली समजावणारा ड्रायव्हर काढला नाही की ठणठणीत प्रिंटर टेबलावरच निवृत्त होतो. आता ड्रायव्हरशिवाय चालणारे प्रिंटर मिळतात. ते सर्वांच्या ओळखीच्या बोलीत बोलतात, म्हणून मोबाइलवरूनही छापून देतात. मायक्रोसॉफ्टनंही २०२३ मध्ये जाहीर केलं की यापुढं कंपन्यांचे वेगवेगळे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्यानं बंद. दुकानदार मात्र अजून सीडी असलेलाच चांगला म्हणतो. तसे ते त्याच्याकडे पडून असतात.

पायरी चौथी, रजिस्टरात नाव नसलेलं यंत्र. कधी यंत्र जुनंच असतं, कंपनी फक्त मॉडेलचा आकडा बदलते. लिनक्समध्ये अशा वेळी नवा कर्नल घालायची गरज नसते. बऱ्याच ड्रायव्हरांपाशी एक छोटी फाईल असते. तिच्यात नवे दोन आकडे लिहिले की चालू कर्नल मान डोलावतो. कीबोर्ड-माऊसच्या जातीची यंत्रं स्वतःबद्दल चुकीची माहिती सांगत असतील, तर २०२३ च्या ६.३ आवृत्तीपासून चालू कर्नलमध्ये एक छोटा प्रोग्राम घालून ती वाटेतच दुरुस्त करता येते. लिनक्सवाल्यांचा मूळ उपाय वेगळा आहे : ड्रायव्हर आमच्या स्वाधीन करा, आम्ही कायम सांभाळू. त्यामुळं कर्नल तीन कोटींहून जास्त ओळींचा झालाय आणि त्यात निम्म्याहून अधिक भरणा ड्रायव्हरांचा आहे. तरी मला हा उपाय पटतो. कंपनी बुडाली तरी यंत्र बुडत नाही.

पायरी पाचवी. अपडेट आलं की लगेच करावं, असं सगळे सांगतात. सुरक्षेच्या अपडेटबाबत ते खरंच आहे, त्यात चालढकल करू नका. पण ड्रायव्हरच्या अपडेटची एक कथा ऐकून ठेवा. २०१४ च्या ऑक्टोबरात एफटीडीआय या चिप कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून जगभर गेला. चिप नकली वाटली की तो तिचा मॉडेलचा आकडा पुसून शून्य करायचा. यंत्र घेणाऱ्याला आत कुठली चिप आहे हे कुठून माहीत असणार? काल चालणारी यंत्रं आज ओळख हरवून बसली. बोंबाबोंब झाल्यावर तो ड्रायव्हर मागं घेतला गेला.

आता मुख्य पायरी, जिच्यासाठी तुम्ही हे सगळं वाचलंत. अंगठा.

"मामा, बोट पुसून लावा." "लावलो की." "जरा दाबून." सोयाबीन काढून काढून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, तो भाग वेगळा. पण अंगठा लागायच्या आधी यंत्र लागावं लागतं. आधारची यंत्रं नोंदणीकृत असावी लागतात आणि प्रत्येकाबरोबर त्याच्या कंपनीची आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिस संगणकात चालू ठेवावी लागते. ही सर्व्हिस संगणकातल्या संगणकातच ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांपैकी एका पोर्टवर दबा धरून बसते, संकेतस्थळ तिथं जाऊन तिला हाक मारतं. मुदत संपली की पैसे भरून नूतनीकरण. मागं एका यंत्राची सर्व्हिस ऐन गर्दीत संपली तेव्हा कंपनीच्या फोनवर गाणं छान लागलं होतं.

गंमत अशी की आधार प्राधिकरणानं वरची बाजू नीट बांधून दिलीय. संकेतस्थळानं कुठल्याही कंपनीच्या यंत्राशी कसं बोलायचं, ते शब्द ठरलेले आहेत. खालची बाजू, म्हणजे यंत्रानं कर्नलशी कसं बोलायचं, ती कंपन्यांवर सोडली. तिथं जितक्या कंपन्या तितके ड्रायव्हर, आणि तेही बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडपुरते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिलावातल्या संगणकात बहुधा टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसते, म्हणून विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही. लिनक्स आनंदानं चालेल, पण मग अंगठा बहुधा चालणार नाही. म्हणजे धडधाकट संगणक भंगारात, कारण एका बोटाएवढ्या यंत्राला त्याची भाषा शिकवायला कुणी तयार नाही.

ठसे चोरून पैसे काढण्याचे प्रकार झालेत, त्यामुळं बंदोबस्त हवाच, यात वाद नाही. पण एल-१ प्रकारच्या नव्या यंत्रात ठसा यंत्राच्या आतच कुलूपबंद होऊन, सही होऊन बाहेर पडतो. संगणकाकडं उरते ती हमाली, बंद पेटी इकडून तिकडं नेण्याची. हमालीसाठी प्रत्येक कंपनीचा वेगळा ड्रायव्हर कशाला लागतो? कॅमेऱ्यांसाठी जगानं जसा एक वर्ग ठरवला तसा या यंत्रांसाठी प्राधिकरणानं ठरवावा. यंत्रांसाठीचे नियम तेच ठरवतं, त्यामुळं ही अट घालणंही त्याच्याच हातात आहे.

तोवर तुमच्या हातात एवढंच : प्रिंटर, कॅमेरा, स्कॅनर घेताना पैसे मोजायच्या आधी दुकानदाराला विचारा, हे ड्रायव्हर न टाकता चालतं का? चालतं म्हणाला तर तिथंच जोडून दाखवायला सांगा, आणि दाखवलं तरच घ्या.